आगाताबाईंना माहेरी न्यायची गाडी

बायांनो, आधी चहाच्या कपबशा खाली ठेवा. न्हाईतर हसताना ठसका लागंल आणि खापर माझ्या डोक्यावर फुटंल. चांगलं करायला गेले आणि अशी फजिती झाली, की बरेच दिवस विहिरीवर पाण्यालासुद्धा मी कुणी नसलेली वेळ गाठून जायची!

भोरात तवा संस्थानचा कारभार होता. हिर्डोशीच्या वाटेवर, आमच्या गावाच्या वरच्या अंगाला सिस्टरांचा मठ होता. बेनेडिक्ट नावाचा कुणी जुन्या काळचा साधू, त्याच्या वाटेनं चालणाऱ्या ह्या परदेशातल्या बाया. काळा पायघोळ झगा, कपाळाला पांढरी पट्टी. घंटा झाली की प्रार्थना, परत घंटा झाली की काम. कुणी दवाखान्यात, कुणी भाजीच्या वाफ्यात, कुणी शेळ्यांमागं. ते टोल ऐकून ऐकून आमच्या गावातल्या म्हशीसुद्धा घंटेवर पान्हा सोडायच्या!

मी त्यांच्या सैपाकघरात नवीनच लागले होते. सगळ्यांच्या वर मदरबाई. उंच, ताठ, नुसतं बघितलं तरी दुधाचं दही व्हावं. पुण्याच्या कुण्या शास्त्र्याकडं मराठी शिकलेल्या, त्यामुळं बोलणं पोथीतलं. आणि सगळ्यांत म्हाताऱ्या आगाताबाई. दवाखाना त्यांच्याकडं. कानानं कमी, आणि मराठी शिकल्या दुखणेकऱ्यांच्या तोंडून, म्हणून बोलणं थेट आमच्यावाणी. “कुठं दुकतंय गं? लई दुकतंय व्हय?” ह्या गोऱ्या म्हातारीच्या तोंडी ते ऐकलं, की पोरं रडायची सोडून हसायची.

एक दिवस दुपारच्या जेवणाला भाताचं भांडं घेऊन आत गेले, आणि बघते तर काय! आगाताबाई, एवढ्या म्हाताऱ्या, मदरबाईंच्या पुढ्यात गुडघ्यांवर! हातात फुटक्या वाडग्याचे तुकडे. मान खाली. बाकीच्या मुकाट जेवतायत. एक जण उभी राहून पुस्तक वाचतेय, जसं काही घडतच न्हाई! मग मदरबाईंनी टेबलावर टकटक केलं, तवा कुठं म्हातारी उठली.

एका वाडग्यापायी?

तिथनं पुढं म्या ध्यान ठेवलं. जेवताना आगाताबाईंशी कुणी बोलत न्हाई. मीठ पायजे तर बोटानं खूण. सांजची शेवटची प्रार्थना झाली की सकाळपर्यंत त्यांच्याशी एक शब्द न्हाई! तशा बाकीच्याही आपसात बोलत नव्हत्या म्हणा. पण ते माझ्या डोक्यात शिरंल तर शपथ! आता तुमीच सांगा, एवढं बघून मी काय समजायचं? सासुरवास! चांगला नांदत्या घरासारखा सासुरवास!

विहिरीवर धुर्पदाकाकू भेटली. धुर्पदाकाकू म्हंजे गावाची दवंडी.

“गुडघ्यांवर?” काकूनं घागर खाली ठेवली.

“व्हय.”

“उपाशी?”

“जेवली मागनं. पण गार भात.” गार होता का न्हाई, म्या काय बोट घालून बघितलं नव्हतं. पण सांगताना भात गारच बरा वाटतो.

विहिरीपासनं पारापर्यंत जाताना वाडग्याची घागर झाली. टकटकीची चापट झाली. आणि गोष्ट मारुतीच्या देवळापाशी पोचली तवा म्हातारीला शेळ्यांच्या गोठ्यात निजवत होते!

“तिला म्हायेर न्हाई का?” कुणीतरी विचारलं.

“आसंल, सात समुद्रापल्याड!”

“मग आमी काय मेलो?” काकू गरजली. “आख्ख्या गावानं तिच्या हातचं औषिद घेतलंय. ह्ये गावच तिचं म्हायेर! मुराळी धाडा!”

सासरी जाऊन बहिणीला सन्मानानं माहेरी घेऊन येतो तो मुराळी. माझा चुलतभाऊ गणपा तयार झाला. त्याचं गळू आगाताबाईंनीच फोडलं होतं, त्यामुळं भाऊ म्हणायला हक्काचा. गाडी धुतली, बैलांना घुंगरं बांधली, आत गोधडी अंथरली. जेवण माझ्या घरी ठरलं. माझी सून सरू पहाटेपासनं पुरण वाटत बसली. आणि मी? मी पुढारी! मठातलं काम गेलं तर गेलं, पण म्हातारीला सोडवायचीच.

मठाच्या दारात गाडी लागली, मागनं धुर्पदाकाकू आणि गावातल्या बाया. आगाताबाई दवाखान्याच्या पायरीवर पट्ट्या गुंडाळत होत्या.

“आगाताबाई, चला!” म्या हाक मारली. “तुमाला न्यायला आलोय!”

त्यांनी कानाला हात लावला. “कोन आजारी हाय?”

“आजारी न्हाई, म्हायेरी चला!”

“म्हातारी हाय? थांब, आले!” आणि औषधांची पेटी उचलून त्या सरळ गाडीत चढून बसल्या की!

बायांनी डोळ्याला पदर लावले. “बघा गं, किती जाच आसंल! एका हाकेवर निघाली!”

तेवढ्यात मदरबाई बाहेर आल्या. सगळ्या बाया एक पाऊल मागं सरल्या, म्हणून मी आपोआप पुढं आले.

“सोनाबाई, हे काय चालले आहे?”

“ह्यो सासुरवास आमी चालू देणार न्हाई!” माझं मलाच नवल वाटलं, एवढा मोठा आवाज.

“सासुरवास म्हणजे काय?”

घ्या! म्या दम खाऊन सांगितलं. सासू कशी राबवून घेते, चुकीला माफी कशी न्हाई, माहेरचा माणूस आला तर दारातनं कसा परत धाडते. अगदी रंगून रंगून सांगितलं. मग वाडगा काढला, गुडघे काढले, अबोला काढला.

मदरबाईंनी सगळं ऐकून घेतलं. “आमच्यात जिच्या हातून वस्तू फुटते, ती सर्वांसमक्ष गुडघे टेकून चूक कबूल करते. गेल्या रविवारी मी स्वतः गुडघे टेकले. किटली फोडली होती. रविवारी तुम्हाला सुट्टी असते.”

“आणि… बोलत न्हाईत ते?”

“जेवताना एक जण वाचते, आम्ही ऐकतो. शेवटच्या प्रार्थनेनंतर सर्वच मौन पाळतो. मीसुद्धा.”

मागं वळून बघितलं, तर धुर्पदाकाकू बैलाच्या शिंगाकडं अशी बघत होती, जशी बैल घ्यायला बाजारात आलीय.

मला वाटलं, संपलं. पण मदरबाईंच्या ओठांचा कोपरा हलला. “आमंत्रण मात्र खरे आहे ना? दारी आलेल्याला आम्ही परत पाठवत नाही. बोलावणाऱ्यालाही नाही म्हणवत नाही. सायंकाळच्या प्रार्थनेपूर्वी परतू.” आणि त्याही गाडीत चढल्या!

अशी आमच्या गावात सासू आणि सासुरवाशीण एकाच गाडीतनं माहेरी आली.

जेवणं झकास झाली. आगाताबाईंना गाडीत कुणीतरी कानात ओरडून सगळं समजावलं होतं. पोळी खाता खाता त्यांचे डोळे भरून आले. “घर सोडलं तवा म्या एवढीशी व्हते,” म्हणाल्या. “कुनी न्यायला आलं न्हाई कवा.” मला वाटलं, चला, फजिती झाली पण शेवट गोड झाला.

आणि नेमकी सरू तूप वाढायला आली.

“तुजं म्हायेर कुठं गं?” आगाताबाईंनी मायेनं विचारलं.

“भाटघरच्या धरणापल्याड.”

“मंग कवा गेलीस?”

सरूनं माझ्याकडं बघितलं. म्या डोळे मोठे केले. ती काहीतरी पुटपुटली.

“आँ? मोट्यानं बोल! मला ऐकू येत न्हाई!”

सरू थोडं मोठ्यानं बोलली.

“आजून मोट्यानं!”

आता एवढी पाहुणी, एवढी म्हातारी, ती सांगते तर पोरगी काय करणार? सरूनं तूपवाटी खाली ठेवली आणि आळीभर ऐकू जाईल अशी ओरडली, “लगीन झाल्यापासनं एकदाबी न्हाई! भाऊ दोनदा गाडी घिऊन आला! आत्याबाईंनी दोनदा मोकळी धाडली!”

बाहेर ओट्यावरची पानाची तबकं थांबली. मला जमीन गिळंल तर बरं, असं झालं.

मदरबाईंनी पाण्याचा पेला खाली ठेवला. “सोनाबाई,” त्या शांतपणे म्हणाल्या, “सकाळचा तो शब्द आता मला नीट समजला.”

बायांनी गणपाला लगीच बैल जुंपायला लावले. माझीच लुगडी, माझ्याच पुरणपोळ्या बोचक्यात बांधून धुर्पदाकाकूनं सरूला गाडीत बसवलं. मला कुणी विचारलंसुद्धा न्हाई. सिस्टर दोघी चालत मठात गेल्या. आणि मी? मी गावजेवणाची भांडी घासत बसले.

चार दिवसांसाठी गेलेली सून महिना झाला तरी परतंना. बोलवायची माझी काय टाप! रोज सकाळी मदरबाई विचारायच्या, “सूनबाई कशा आहेत?”

“मजेत!” मी म्हणायची. “राहू द्या की, घाई काय?”

आणि हात पदराखाली लपवायची. एकटीनं जातं ओढून तळव्याला फोड आले होते. दवाखाना दहा पावलांवर, मलम फुकट. पण जायची सोय होती का? आगाताबाईंनी मलम लावता लावता विचारलं असतं, “कशानं झालं गं? मोट्यानं सांग!”