सासरवाडीच्या मंडईतलं माझं दुकान

राइस मिलमधली मुनिमी सोडून मी कागदी द्रोण-पत्रावळींचं मशीन घेतलं, तेव्हा सगळा पैसा घरचाच घालायचा, कर्ज काढायचं नाही, असं ठरवलं. हे शहाणपणाचं केलं, असं लोक आजही म्हणतात. पुढे जे केलं त्याबद्दल गोंदियातले लोक काही बोलत नाहीत, कारण बायकोने ते अजून इथे सगळ्यांना सांगितलेलं नाही. म्हणून मीच सांगतो. माझ्या तोंडून जरा सौम्य होईल.

घरच्या पैशावर धंदा करणाऱ्याला एक रोग जडतो. त्याला कशातही कच्चा माल दिसतो. गोंदिया स्टेशनबाहेर गरम समोसे तळले जात असले की मला त्यात कागदाचा रोल दिसायचा. सिनेमाच्या तिकिटात मशीनचा नवा साचा दिसायचा. मग मी समोसे बंद केले, सिनेमा बंद केला, आणि दर पावसाळ्यात दरेकशाचा धबधबा पाहायला जायचो तेही, पाणी काय नळालाही येतं, असं म्हणून बंद केलं.

बायको माझ्याइतकंच काम करायची. खरं तर जास्त, कारण मी अर्धा वेळ भाव ठरवण्यात घालवायचो. ती कागद लावायची, द्रोण मोजून बांधायची, दुकानदारांचे फोनही घ्यायची. दुपारी मशीन तापलं की मी ते बंद करून पंखा लावायचो. एकदा ती उभी राहून बघत होती.

"मशीन तपलं का त्याले आराम देता," ती म्हणाली. "अन् मी तपली का?"

"तुले का पाहिजे?"

"मौज पाहिजे. जशी मानसाले पाहिजे तशी."

मी मनावर घेतलं. पुढच्या आठवड्यात तिला नागपूरला नेलं. चांगली साडी नेसून ती गाडीत खिडकीशी बसली, डब्यात पुऱ्या घेतल्या होत्या. मी तिला सरळ कागदाच्या गोदामात नेलं. एका फेरीत दोन कामं होतील, असं माझं गणित. मी तीन तास घासाघीस केली, तिने एका रोलवर बसून पुऱ्या खाल्ल्या. परत येताना मी म्हणालो, "कशी झाली सहल?" ती तुमसरपर्यंत बोलली नाही. तुमसरला चहावाला आला म्हणून बोलली, तेही चहावाल्याशी.

त्यानंतर तिने एकच मागणी केली. दिवाळीनंतर तिच्या माहेरी मंडई असते. आमच्याकडे मंडई म्हणजे भाजीबाजार नव्हे. धान कापणीच्या सुमारास गावोगाव दुपारची जत्रा भरते, दंडार म्हणजे नाचगाण्याचं लोकनाट्य रंगतं, लेकी माहेरी येतात आणि घरोघरी पाहुण्यांच्या पंगती उठतात. धंदा सुरू झाल्यापासून ती मंडईला गेली नव्हती. तिच्या मैत्रिणी दरवर्षी येऊन तिची वाट पाहून परत जायच्या.

"मले मंडईचा एक दिवस पाहिजे," ती म्हणाली. "त्या दिवशी धंद्याचं नाव काढाचं नाही. काढलं तं तुमचं मशीन तुमीच चालवा, मी हात लावनार नाही. सांगून ठेवते."

मी हो म्हणालो. अगदी मनापासून म्हणालो. फक्त त्याच मनाच्या दुसऱ्या कोपऱ्यात विचार आला की घरोघरी पंगती, म्हणजे घरोघरी पत्रावळी.

सासरवाडी आमगावच्या पुढे आहे. गल्लीतल्याच एका ऑटोवाल्याला ठरवलं आणि सकाळी मागच्या बाजूला मालाची पोती चढवली. बायकोने पाहिलं.

"हे कायले?"

"तुझ्या आईकडे पाहुने येतील. पत्रावळी लागतील ना?"

तिचा चेहरा इतका उजळला की मला क्षणभर स्वतःचं कौतुक वाटलं. "एवढ्या?" म्हणाली, आणि वाटभर ऑटोवाल्याशीसुद्धा हसून बोलत होती.

सासरवाडीला एक गठ्ठा सासूबाईंच्या हातात दिला. चहा झाला, पाय धुणं झालं, मानपान झालं. बायको मैत्रिणींबरोबर मंडईत गेली. मी पाच मिनिटं थांबलो आणि उरलेली पोती घेऊन मंडईच्या दुसऱ्या टोकाला, बांगडीवाली आणि शिंगाडेवाला यांच्या मधे, रिकामं पोतं अंथरून बसलो. गर्दीत कोण बघणार, असं मला वाटलं. गावच्या जावयाला गावात गर्दी नसते, हे कळायला मला दहा पत्रावळी विकायलाही लागल्या नाहीत. आधी साळा, म्हणजे बायकोचा भाऊ, धावत आला.

"भाऊजी! काऊन बसले इथं?"

"धंदा आहे. लाज कायची?"

"तुमाले नाही, हाव, माहीत आहे. आमाले आहे ना! बाबा पानठेल्यावर बसून आहेत. लोक त्याईले विचारून राहिले, जवायाचं बरं चाललं आहे ना, का पोट्टीले आनता परत घरी?" त्याने खिशात हात घातला. "सगरा माल मी घेतो. उठा."

आता इथे कुणीही भला माणूस उठला असता. मी म्हणालो, "सगळा घेशील तर होलसेलचा भाव लावतो."

तेवढ्यात आकाशातून आवाज आला. "ए! नको घेऊ!"

आम्ही दोघांनी वर पाहिलं. समोरच रहाटपाळणा होता. खालच्या पाळण्यात माणसं भरायची म्हणून पाळणेवाल्याने चाक थांबवलं होतं आणि सगळ्यात वरच्या पाळण्यात, मैत्रिणींच्या मधे, माझी बायको होती. तिथून तिला अख्खी मंडई दिसत असणार. त्या अख्ख्या मंडईत तिला मी दिसलो.

पाळणा खाली आला, ती उतरली, समोर येऊन उभी राहिली. मी बोलणी खायची तयारी केली होती. ती हळूच म्हणाली, "मले वाटलं आईसाठी आनले."

एवढंच.

मी पोती गोळा करायला लागलो. तिने पाय ठेवला पोत्यावर. "आता कायले उठता? मांडलं ना दुकान? चालवा." भावाला म्हणाली, "तू बी बैस. जवायाले एकटं बसवलं तं अजून वाईट दिसते." आणि गेली.

मग आम्ही दोघं बसलो. साळा तोंडावर दुपट्टा घेऊन बसला. जावई दुकान मांडून बसलाय ही बातमी दंडारीपेक्षा जोरात चालली. कुणी माझ्यासाठी खुर्ची आणली, कुणी चहा. "जवाईबुवाच्या हातची पत्रावळ द्या" म्हणत लोक घेऊ लागले, आणि घरी पाहुणे असल्याने खरंच घेऊ लागले. माझा चेहरा खुलायला लागला तसा समोर एक तळवा आला.

"शिंगाड्याचे," बायको म्हणाली. मागे मैत्रिणी हसत होत्या.

दिले. थोड्या वेळाने पुन्हा तळवा. "झुल्याचे. सगऱ्याईचे."

मग बांगड्यांचे, जिलबीचे, पुन्हा झुल्याचे. मी एकदा, "अवो, कागदाचा खर्च तरी..." एवढंच म्हटलं, तर साळ्यानेच मला कोपर मारलं. दर वेळी चाक वर गेलं की तिचं हसणं खाली यायचं. ते मी बरेच दिवसांत ऐकलं नव्हतं, आणि मशीनच्या आवाजामुळे ऐकलं नव्हतं असंही म्हणता येणार नव्हतं.

संध्याकाळी पोती रिकामी झाली आणि खिसाही. ऑटोचं भाडं साळ्याकडून उसनं घेतलं. परतताना तिने शिंगाडा सोलून माझ्या हातावर ठेवला. दुसऱ्या दिवशी ती मशीनवर आली, आणि येताच म्हणाली की यापुढे मौजेचे पैसे महिन्याच्या सुरुवातीला तिच्याकडे द्यायचे. वीजबिलानंतर लगेच. कुठे ठेवते ते मला माहीत नाही, विचारायची छाती नाही.

यंदाच्या मंडईला निघताना तिने ऑटोची झडती घेतली. सीटखाली, मागे, ऑटोवाल्याच्या पायाशी. काही नव्हतं. मी हात वर केले. तिने माझ्या सदऱ्याच्या खिशात दोन बोटं घालून व्हिजिटिंग कार्डांचा गठ्ठा काढला.

"हे असेच पडून होते," मी म्हणालो.

"हाव ना. इस्त्रीच्या सदऱ्यात."

गठ्ठा घरात ठेवून ती आली. निघालो. आमगावच्या अलीकडे ऑटोवाला मागे वळून म्हणाला, "भैया, मेरी बहन की शादी है. पत्तल का क्या रेट लगाओगे?"

जिभेवर भाव आला होता. होलसेलचा, किरकोळीचा, ओळखीचा, तिन्ही. बायको बाहेर कापलेल्या धानाच्या बांध्या बघत होती, म्हणजे ऐकत होती.

"कल पूछना," मी म्हणालो. "आज छुट्टी है."

ती वळली नाही. पण मधे ठेवलेली पिशवी उचलून तिने पलीकडे ठेवली आणि जरा सरकून बसली.