वसंताचा गिळलेला खोकला

माझी धाकटी बहीण वसंता कुंभकोणमात लग्नाकार्यांचा स्वयंपाक करते. करते म्हणजे करवून घेते. मोठ्या चुली घरघरत असतात, कोणी पातेली ओढत असतं, आणि ही मधोमध उभी राहून आवाज देते. म्हणून मानेतली थायरॉईडची गाठ काढायचं ठरलं तेव्हा आम्हाला भीती गाठीची नव्हती, आवाजाची होती. त्या गाठीच्या मागूनच आवाजाची नस जाते. घशाच्या हालचालीवर सतत नजर ठेवून ती नस जपू, असं डॉक्टर कीर्तींनी सांगितलं होतं. घशावर नजर कशी ठेवतात, हे मला काही केल्या समजेना.

शस्त्रक्रियेआधी नाकातून कॅमेऱ्याची बारीक नळी घालून घसा तपासायचा होता. मला शेजारी बसू दिलं. डॉक्टर तमिळमध्ये म्हणाल्या, टोक आत किंचित टेकेल, खोकला येईल, येऊ द्या, शस्त्रक्रियेत घशाची हीच हालचाल पाहायची आहे. टोक टेकलं. वसंताच्या डोळ्यांत पाणी आलं, पण खोकला नाही. पुन्हा टेकवलं, पुन्हा तेच. डॉक्टर गोंधळल्या.

माझ्या लक्षात आलं. आमच्याकडे नैवेद्याचा स्वयंपाक सोवळ्यात होतो. पातेल्यावर कोणी खोकलं तर ते अन्न देवाला चालत नाही, सगळं बाजूला काढून पुन्हा पहिल्यापासून करायचं. आईनं वसंताला लहानपणीच खोकला गिळायला शिकवलं. मिरच्या भाजायला घेतल्या की आम्ही सगळे परसात पळायचो आणि ती झारा हलवत उभी. डॉक्टरांपुढेही तिनं तेच केलं होतं, चांगलं वागायचं म्हणून. मी हे कसंबसं सांगितलं.

ते ऐकून वसंताच घाबरली. मला आमच्या घरच्या मराठीत म्हणाली, "अण्णा, त्यांला विचारा की. भुलेच्या झोपेतही मी गिळलं तर?"

मी विचारलं. डॉक्टरांनी पडदा आमच्याकडे वळवला आणि मघाचं चित्र सावकाश दाखवलं. दोन पांढुरक्या पट्ट्या, मध्ये काळी फट. टोक टेकताच पट्ट्या झटकन मिटल्या. त्याच क्षणी वरून मात्र वसंता शांत बसलेली मी पाहिली होती.

"खोकला गिळणं तुमच्या हातात आहे, अम्मा," डॉक्टर म्हणाल्या. "हे मिटणं नाही."

मग त्यांनी सगळं समजावलं. भूल दिल्यावर घशात श्वासासाठी जी नळी घालतात, तिच्यावर विजेची टोकं असतात. ती घशाच्या आतल्या त्वचेला अगदी हलका झटका देतात, स्वरपट्ट्या मिटू पाहतात आणि पडद्यावर रेघ उसळते. नस ताणली गेली की रेघ खुजी होते. बधिर घसा मिटत नाही, म्हणून शस्त्रक्रियेच्या दिवशी घसा बधिर करणारा फवारा मारायचा नाही. मी विचारलं, नस डोळ्यांना दिसत नाही का? दिसते, त्या म्हणाल्या, पण दुखावलेली नस दिसायला तशीच असते. मी आणखी विचारत राहिलो तेव्हा वसंतानं माझा सदरा ओढला.

"अण्णा, गाठ माझी आहे."

शस्त्रक्रियेच्या दिवशी मी बाहेर बसलो. नंतर डॉक्टरांनी सांगितलं, डाव्या बाजूची गाठ उचलताना रेघ निम्म्यावर आली. त्यांनी हात सैल सोडले आणि काही न करता थांबल्या. रेघ हळूहळू वर आली. मग त्यांनी दुसऱ्या अंगानं काम धरलं. ते थांबणं मला फार विचित्र वाटलं, आणि चांगलंही.

शुद्धीवर आल्यावर वसंता बोलेचना. डॉक्टरांनी काहीतरी बोला म्हटलं तेव्हा घोगऱ्या आवाजात म्हणाली, "काय बोलू?" एवढं पुरे, असं त्या म्हणाल्या. पण खोलीत बोलणं वेगळं आणि चुलींपुढे बोलणं वेगळं. बरेच दिवस तिनं मोठ्यानं बोलून पाहिलंच नाही.

मग पट्टीश्वरमला एक लग्न आलं. मीही गेलो, भाजी निवडायच्या निमित्तानं. चारी चुली पेटल्या होत्या. एका पातेल्यातला भात खाली लागत होता आणि त्याच्याजवळची बाई विहिरीवर गेली होती. वसंता माझ्याकडे पाहत क्षणभर घुटमळली. मग तिनं विहिरीकडे तोंड फिरवून त्या बाईला हाक मारली. आवाज मध्येच थोडा फाटला.

विहिरीवरची बाई घागर तिथेच ठेवून पळत आली.