खळीचं विमान

शर्टाच्या खिशातून वीतभर सूत काढायचं, दोन चिमटींत धरून कानाजवळ न्यायचं आणि तटकन तोडायचं. मग आभाळाकडे न बघताच निकाल द्यायचा, "कडक हाय. तीनपर्यंत वळीव न्हाय." आणि सूत आवाज न करता मुकाट तुटलं, की निकाल उलटा, "मऊ पडलंय. वाळवणं आत घ्या."

अण्णांची आणि माझी पहिली भेट या सुतावरच झाली, आणि पहिल्याच भेटीत मला त्यांचा राग आला. कारण हवामान हा माझा पगारी विषय होता. निपाणीहून मी हवामान निरीक्षक म्हणून बेळगावात आलो, तो सत्तरच्या दशकाचा मधला काळ. वडील तंबाखूच्या वखारीत हमाल. आमच्या घरातला पहिला सरकारी पगार माझा, त्यामुळे डोक्यात थोडी हवा होतीच.

बेळगावातल्याच शहापूर पेठेत खोली शोधत हिंडत होतो. तीन घरांत आडनाव विचारलं, आणि आडनाव ऐकल्याबरोबर खोली "आत्ताच दिली की हो" झाली. चौथं घर अण्णांचं. हातमागावर बसायच्या खड्ड्यातून न उठताच त्यांनी विचारलं, "काम काय करतोस?"

"हवामान निरीक्षक."

"मग सांग बघू, आज वळीव येतोय का?"

मी गंभीर चेहरा करून म्हणालो, "शक्यता आहे."

त्यांनी सूत तोडलं. "न्हाय येत. खोली माडीवर हाय. सामान आण जा."

पाऊस आला नाही. आडनाव त्यांनी त्या दिवशी विचारलं नाही आणि पुढे अकरा वर्षांतही नाही. मला ते 'हवामान' म्हणत. "ए हवामान, च्या झाला का रं?" अख्ख्या गल्लीनं तेच नाव उचललं. आता मी कितीदा सांगितलं असेल, की अण्णा, आम्ही पडलेला पाऊस मोजतो, पडणारा नव्हे! पण ऐकतो कोण? वळवानं कुणाचे सांडगे भिजले की बायका माडीखाली उभं राहून मलाच बोल लावायच्या.

तर असा हा सुतावरून पाऊस ओळखणारा विणकर. आणि त्याला नाद कसला, तर विमान उडवायचा! आपण माणसं बघणारी माणसं, नाद पुष्कळ पाहिलेत. कबुतरांचे पाहिले, कुस्तीचे पाहिले, भजनाचे पाहिले. पण पन्नाशीचा माणूस सायकलच्या कॅरिअरला विमान बांधून खडेबाजारातून निघालाय, हे मी बेळगावातच पाहिलं.

झालं होतं असं. कॅम्पातल्या एका मेजरसाहेबांच्या बाईंची आजीच्या वेळची रेशमी साडी उंदरानं कुरतडली. अण्णांनी ती धाग्याला धागा जोडून अशी विणून दिली, की भोक कुठं होतं ते बाईंनाही सापडेना. पुढे साहेबांची बदली झाली तेव्हा त्यांनी जाताना आपलं जुनं खोकं अण्णांना देऊन टाकलं. त्यात बोटाएवढं इंजिन आणि एक रेडिओयंत्र. यंत्राला लांब कांडी आणि एकच बटण. एकदा दाबून धरलं की विमान उजवीकडे वळणार, दोनदा दाबलं की डावीकडे, सोडलं की सरळ. बस, एवढाच कारभार. वर जा, खाली ये, थांब, असलं काही त्याला कळत नव्हतं. इंजिनातलं तेल संपलं की आवाज बंद, आणि मग तरंगत तरंगत जिथं टेकेल ते गाव आपलं.

विमान मात्र अण्णांनी स्वतः बनवलं. पांगाऱ्याचं हलकं लाकूड, बांबूच्या कामट्या, आणि पंखांवर मागावरचंच तलम रेशीम. इंजिनाला लागायचं रॉकेल, एरंडेल आणि गुरांच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरकडून आणलेलं बाटलीभर इथर. घरभर तो वास. वैनी, म्हणजे अण्णांची बायको, चुलीपाशी बसून मला ऐकवायच्या, "दिव्याला रॉकेल न्हाय घरात, आणि ह्यांचं इमान पितंय बघा!" बोलणं मला, पण रोख मागाच्या खड्ड्याकडे.

उडवायची जागा शहराबाहेरच्या कंग्राळीची. तिथल्या एका शेतकऱ्याचं, आप्पांचं, पीक निघालेलं रान उन्हाळाभर मोकळं असे. पहिल्या उड्डाणाला मी हजर होतो. सकाळचं ऊन लख्ख. अण्णांनी बोटानं पंखा फिरवला. दहाव्यांदा इंजिन खोकलं आणि भुंग्यासारखं लागलं. मी विमान डोक्यावर धरून पळालो आणि सोडलं. काय सांगू! ते खरंच उडालं. आप्पा बैलाचा कासरा हातात धरून तोंड उघडं टाकून बघत राहिले.

दोन फेऱ्या झाल्या. तेवढ्यात पूर्वेकडून ढग आला, ओलसर वारं सुटलं, आणि बघता बघता पंखांचं कापड ढिलं पडून फडफडायला लागलं. विमान डुलत डुलत बांधापलीकडच्या आप्पांच्या कांद्यात जाऊन बसलं.

"अण्णा," आप्पा म्हणाले, "इमान उडवलंसा का धोतार वाळत घातलंसा?"

मी पंखाला हात लावला. चिकट! अण्णांनी पंखाचं कापड ताठ करायला खळ लावली होती. मागावरच्या सुताला लावतात ती तांदळाच्या पेजेची खळ, जी उन्हात कडक होते आणि दमट हवेत मऊ पडते. ज्या खळीवरून हा माणूस जन्मभर वळीव ओळखत आला, तीच खळ त्यानं वळवाच्या दिवसांत विमानाला फासली होती! मी हसून हसून बांधावर बसलो. अण्णा आधी रागावले, मग स्वतःच हसायला लागले. "कापड म्हटलं की हात खळीकडंच जातोय रं. काय करू?" पुढे त्यांनी पंखांना लावायचं खास वार्निश मागवून घेतलं.

मग आमचे उन्हाळ्यातले रविवार कंग्राळीत जाऊ लागले. अण्णांना विमान वर गेल्याचं कौतुक फारसं नव्हतं. त्यांचा हट्ट वेगळाच. "उडवणं काय रं, फेकलेला दगूड बी उडतोय. हाक मारल्यावर माघारी आलं पायजे. हितं, पायाशी." आणि चपलेनं जमिनीवर रेघ मारायचे. त्या रेघेपाशी विमान कधी आलं म्हणता? नाव नको. कधी बाभळीवर, कधी ओढ्यात, एकदा तर थेट आप्पांच्या गोठ्यावर. "घिऊन जावा तुमची कोंबडी," आप्पा आणून द्यायचे. वारं फसवायचं, ढग फसवायचा, आणि सगळ्यात जास्त फसवायचं ते बटण. कारण विमान आपल्याकडे तोंड करून आलं, की त्याचं उजवं ते आपलं डावं. मी हटकून चुकायचो. अण्णा म्हणायचे, "आरशात बघून दाढी करतोस न्हवं? तसंच हाय."

अशी सात-आठ वर्षं गेली. मग एका हिवाळ्यात मागावर काहीतरी बिघडलं. हातातून निसटलेला आडव्या धाग्याचा धोटा कुठल्या बाजूला पडला, ते अण्णांना दिसेना. पायऱ्यांवर ठेचा लागायला लागल्या. मिरजेला जाऊन आले. डॉक्टर म्हणाले, काचबिंदू. नजर कडेकडेनं जात जाणार, गेलेली परत यायची नाही.

त्या दिवशी ते माझ्या खोलीवर आले. एरवी खालूनच हाक मारणारा माणूस. भिंत धरून बसले आणि म्हणाले, "हवामान, ह्या उन्हाळ्यात एकदा तरी पायाशी उतरवू या. म्होरच्या उन्हाळ्यात मला त्ये दिसायचं न्हाय." मी म्हणालो, "उतरवू की अण्णा. त्यात काय."

पण हवा म्हणजे काय कुणाच्या बापाची? एप्रिलचे दोन रविवार वाऱ्यात गेले, एक गारांत गेला. मे महिन्यात आप्पांनी अर्धं रान नांगरायला घेतलं. उरलेल्या अर्ध्यात शेवटचा रविवार आमचा. वैनींनी त्या सकाळी पहिल्यांदाच रॉकेलवरून काही म्हटलं नाही. उलट भाकरी बांधून दिली.

रानात पोचल्यावर अण्णांनी सूत काढलं, कानाशी नेलं आणि तोडलं. ते मुकाट तुटलं. मी शेजारीच होतो, मला आवाज आला नाही. अण्णा म्हणाले, "कडक हाय." सुताबद्दल खोटं बोलताना मी त्यांना त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. मी पूर्वेकडे पाहिलं. ढग कापसाच्या गाठोड्यासारखे चढत होते. पण मीही म्हणालो, "होय, येत नाही इतक्यात."

विमान वर गेलं. इंजिनाच्या आवाजावर मान फिरवत अण्णा त्याला बटणावर झुलवत होते. एक फेरी, दोन फेऱ्या, इतकी गोल की आप्पांनी औत थांबवलं. मग तेल संपलं आणि आवाज बंद झाला. अण्णांचा चेहरा उतरला. "कुठं हाय रं? मला गावंना."

"समोर आहे अण्णा. आपल्याकडेच येतंय. सरळ येऊ द्या."

"सांगत ऱ्हा."

ते येत होतं. अगदी रेघेच्या रोखानं, खाली खाली. तेवढ्यात वळवाचं वारं आडवं सुटलं, विमान माझ्या उजव्या हाताला सरकलं, आणि मी ओरडलो, "डावीकडे घ्या अण्णा, डावीकडे!"

अण्णांनी दोनदा बटण दाबलं. विमानानं आपलं डावं घेतलं, म्हणजे आमचं उजवं. आणखी लांब! आठ वर्षं दाढी करून मी शेवटी चुकलो. विमान नांगरटीत, चांगलं पन्नास पावलांवर, अलगद बसलं.

"टेकलं?" अण्णा मातीकडे तोंड करून विचारत होते. "कुठं टेकलं?"

काय करणार होतो मी? पळालो. ढेकळांतून ठेचकाळत गेलो, विमान उचललं, तसाच पळत आलो आणि त्यांच्या चपलेपुढच्या रेघेवर ठेवलं. "पायाशी अण्णा," म्हणालो, "पायाशी आलं."

ते खाली बसले. पंखावरून हात फिरवला, मग चाकांवरून. "आलं व्हय," म्हणाले. "आलं गड्या." वळवाचे टपोरे थेंब पडायला लागले. आप्पांनी सगळं पाहिलं होतं, पण त्या भल्या माणसानं बैलांकडे तोंड फिरवलं.

दोन वर्षांनी माझी बदली झाली. तोवर अण्णांची नजर पुरती गेली होती. पण हात गेले नव्हते. त्यांनी विमानाचं फाटकं रेशीम काढून टाकलं आणि नुसत्या चाचपण्यावर नवं चढवलं, आणि त्याला लावली काय, तर खळ! मी ओरडलोच. ते म्हणाले, "आता उडायचं कुठं हाय त्याला? असूं दे घरची खळ." विमान मागावरच्या तुळईला टांगलं. अण्णा गेल्याचं पत्र मला बदलीच्या गावी मिळालं, तेव्हा दहावा होऊन गेला होता.

पुढच्या उन्हाळ्यात मी शहापुरात गेलो. माग बंद होता, विमान होतं. वैनींनी चहा टाकला. माडीच्या गच्चीवर पापड वाळत होते. बाहेर लख्ख ऊन. बोलता बोलता वैनींनी वर तुळईकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "हवामान, जरा पापड आण जा की खाली. कापड ढिलं पडलंय."

मी वर पाहिलं. पंखाचं रेशीम मधोमध झोळीसारखं लोंबलं होतं. तरी मी नोकरीच्या सवयीनं म्हणालो, "वैनी, आज काही पाऊस येत नाही." पण उठलो. गच्चीवर पोचतो तोच वारं सुटलं. तीन खेपा केल्या, जिना पळत चढलो, पळत उतरलो, आणि शेवटचं सूप ठेवून मागाच्या काठावर टेकलो तेव्हा बाहेर वळीव कोसळत होता.

वैनी माझ्याकडे बघून हसायला लागल्या. हसता हसता पदर डोळ्यांना लावला.

"काय झालं वैनी?"

"असाच धापा टाकत हुतास म्हणं त्या दिवशी," त्या म्हणाल्या. "घरात आल्या आल्या मला सांगितलं त्यांनी. म्हणाले, इमान पायाशी आलं म्हणतोय, आणि ह्यो गडी भात्यागत फुसफुसतोय. पायाशी आलं तर पळाला कुठं?"

"मग मला का नाही बोलले कधी?"

"मी बी तेच म्हटलं. तर म्हणाले, हाक मारल्यावर पळत आलं न्हवं कुणीतरी? मग झालं की. लई वर्सं बोलवत हुतो."

मी तोंड मिटून श्वास आवरायचा प्रयत्न केला. काही केल्या तो आवरेना, आणि वर तुळईला ते ढिल्या पंखाचं विमान पावसाच्या वाऱ्यानं हळूहळू हलत होतं.