हरण्याची विनंती

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली होती आणि रत्नागिरीतल्या प्रतिष्ठितांना एक सभागृह हवं होतं. प्रदर्शनं, खेळ, गाणं, सगळं एका छपराखाली. छप्पर पत्र्याचं झालं, भिंती जांभ्याच्या आणि समितीचे अध्यक्ष एक वकील. यांतल्या भिंती तेवढ्या चांगल्या होत्या.

वकीलसाहेबांना खेळातलं काही कळत नसे, गाण्यातलं त्याहून कमी आणि आंब्यातलं खाण्यापुरतं. पण उद्घाटनाचा नारळ त्यांच्याच हातात असायचा.

मी मुलींच्या शाळेत शिकवत होते. पुण्याला ट्रेनिंगला असताना बॅडमिंटन शिकले होते. आमच्याकडे उघड्यावर फूल मारलं की खाडीवरचा वारा ते शेजारच्या आवारात नेऊन टाकी. सभागृहात ते मारावं तिथे जाई. म्हणून मी आणि आमच्या चित्रकलेच्या बाईंनी अर्ज करून सकाळचा एक तास मिळवला. त्या तासापोटी मी त्या इमारतीला आणि तिच्या अध्यक्षांना बरंच माफ करत असे.

मे महिन्यात जिल्ह्याला नवे कलेक्टरसाहेब आले. त्यांना एकाच दिवशी सगळं दाखवायचं ठरलं: सकाळी जिल्ह्यातल्या मालाचं प्रदर्शन, दुपारी सामने, संध्याकाळी कोल्हापूरहून आलेल्या बाईंचं गाणं. प्रदर्शनात हापूस, काजू, कोकम, काथ्या, सगळं मांडलं होतं. सुकी मासळी घेऊन आलेल्या बायकांना मात्र वकीलसाहेबांनी वासाचं कारण सांगून बाहेर काढलं. त्या बिचाऱ्या फाटकाशी उन्हात बसल्या. आतल्या निम्म्या मंडळींनी घरी जाताना त्यांच्याकडूनच सोडे घेतले, कुणी बघत नाही ना याची खात्री करून, वर्तमानपत्रात गुंडाळून.

दुपारी वकीलसाहेबांनी मला आंब्यांच्या टेबलामागे बोलावलं. साहेबांच्या पत्नी बॅडमिंटन खेळतात, त्यांच्याशी तुम्हाला खेळायचंय, असं सांगितलं. मला आनंद झाला. मग ते आवाज खाली आणून म्हणाले, "मात्र हरायचं, बाई. साहेब खूश राहिले पाहिजेत. तुमचा सकाळचा तासही टिकेल."

मी हो म्हटलं. त्या माणसाबद्दल मला जी तुच्छता वाटते, तिचा थोडा वाटा मी माझ्यासाठी राखून ठेवला आहे तो या होकारासाठी.

साहेबांच्या पत्नी चाळिशीच्या असतील. पदर खोचून आल्या, फूल हातात घेऊन त्याची पिसं नीट पाहिली, तेव्हाच मी ओळखलं की यांना खेळ येतो. पण मी कबूल केल्याप्रमाणे खेळले. सोपी फुलं जाळ्यात घातली, एकदोनदा पाय घसरल्याचं सोंग केलं. पहिला डाव अकरा-दोन असा संपला. टाळ्यांत सर्वांत पुढे वकीलसाहेब.

बाजू बदलताना त्या जाळ्यापाशी थांबल्या. इतरांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात त्यांनी विचारलं, "बाई, शाळेत मुलींना तुम्ही हेच शिकवता?"

कानशिलं तापली माझी. दुसरा डाव मी जीव तोडून खेळले आणि जिंकले. वकीलसाहेब कडेला येऊन घड्याळ दाखवू लागले, गाण्याची वेळ झाली म्हणाले. साहेबांच्या पत्नींनी तिकडे लक्षच दिलं नाही. गाणाऱ्या बाई तंबोरा जुळवायचा ठेवून बघायला येऊन बसल्या होत्या, त्यांनीही आपल्याला घाई नसल्याचं कळवलं. तिसरा डाव नऊ-नऊपर्यंत गेला. मग साहेबांच्या पत्नींनी एक फूल असं हळूच जाळ्यालगत सोडलं की मी धावूनही पोचले नाही. पुढचंही त्यांचंच. मी हरले, आणि इतक्या खुशीत मी त्याआधी कधी हरले नव्हते.

घाम पुसत होते तेवढ्यात वकीलसाहेब जवळ आले.

"छान जमवलंत, बाई. दुसरा डाव मारलात तेव्हा मी घाबरलो होतो. पण शेवट असा केलात की कुणाला संशयसुद्धा आला नाही."

मी सांगितलं की शेवटचा डाव मी खरोखर हरले. ते डोळा बारीक करून हसले आणि मान डोलवत पुढच्या रांगेत जाऊन बसले. गाण्यातही नको तिथे त्यांची तशीच मान डोलत होती.

पावसाळ्याच्या तोंडावर सभागृहात कुणाच्या तरी सिमेंटच्या गोणी येऊन पडल्या आणि आमचा तास गेला. साहेबांच्या पत्नींनी मला बंगल्यावर बोलावलं. मागच्या रिकाम्या कोठारात आम्ही दोरी बांधून वर्षभर खेळलो, आणि खेळताना एकमेकींना एक गुणही फुकट दिला नाही.

पण वकीलसाहेबांचं तोंड चालूच होतं. क्लबात, कोर्टात, लग्नाच्या पंगतीत ते सांगत, साहेबांच्या पत्नीला जिंकवलं कुणी, तर मी. चित्रकलेच्या बाईंनाही ते खरं वाटलं. गाव फिरून ती गोष्ट बंगल्यावर पोचायला वेळ लागला, पण पोचली.

साहेबांची बदली झाली तेव्हा मी निरोपाला गेले. सामान बांधून झालं होतं. साहेबांच्या पत्नींनी स्वतःची रॅकेट माझ्या हातात ठेवली आणि विचारलं, "तो तिसरा डाव खरा होता ना?"

"खरा होता," मी म्हटलं.

त्यांनी थोडा वेळ माझ्याकडे पाहिलं, मग "बरं" म्हणाल्या आणि गाडीत बसल्या.