डॉक्टर, ठकी आणि मालकाचा हात

माणसाच्या बोलण्यावर काडीचा विश्वास न ठेवता आणि जनावराच्या न बोलण्यावर पूर्ण विश्वास ठेवून सुखाने सत्तरी गाठलेला एकच माणूस मी पाहिला आहे, आणि तो खामगावात आमच्या भिंतीला भिंत लावून राहतो. सगळा गाव त्यांना ‘ढोरांचे डॉक्टर’ म्हणतो. ते सरकारी दवाखान्यातून निवृत्त झाले, पण त्यांची नजर काही निवृत्त झाली नाही. भुलीचं औषध किती द्यायचं ते वजनावर ठरतं, म्हणून कोणीही समोर आलं की डॉक्टर आधी त्याचं वजन करतात. मनातल्या मनात केलं असतं तर बिघडलं नसतं. पण माझ्या पुतणीच्या साखरपुड्यात त्यांनी विहीणबाईंचं वजन मांडवभर ऐकू जाईल असं सांगितलं आणि वर ‘तब्येत ठणठणीत हाय’ म्हणून प्रमाणपत्रही दिलं. एकदा माझं पोट बिघडलं तेव्हा म्हणाले, “बाई, बैलाले जे देतो त्याचा आठवा हिस्सा घ्या.” मी घेतला. दुसऱ्या दिवशी पोट थाऱ्यावर आलं, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. मी त्यांच्यापेक्षा चार वर्षांनी मोठी, पण त्यांची बायको सुमन आणि मी एकाच शाळेत शिकवायचो, म्हणून मी त्यांची ‘बाई’.

त्यांचा एक नियम मात्र काळ्या दगडावरची रेघ. सुई असो की चाकू, जनावराच्या डोक्यावर मालकाचा उघडा हात पाहिजे, आणि जनावर शांत होईपर्यंत तो काढायचा नाही. गडी, शेजारी, पाहुणा कोणी चालत नाही. “जनावराले समजाले पायजे, का आपल्यावर कोनी तरी हाय,” म्हणायचे. बीटी कपाशी आली, पहिली काही वर्षं बरी गेली, मग बोंडअळीने शिवारंच्या शिवारं खाल्ली. त्यानंतर डॉक्टरांच्या अंगणात बैल यायचे ते विकण्याआधी तपासून घ्यायला. डॉक्टर तरीही म्हणायचे, “ठेव हात.” मोताळ्याकडच्या एकाने हात ठेवला आणि जोडी घेऊन तसाच घरी परतला. आठ दिवसांनी विकलीच. त्यानंतर दोन दिवस डॉक्टरांनी कोणाचं वजन सांगितलं नाही. पुढे बैल यायचेच थांबले. “ट्रॅक्टरच्या डोक्शावर कुठं हात ठेवता बे?” असं आल्यागेल्याला विचारत ते ओसरीत बसून राहायला लागले. सुमन गेली तीही त्याच सुमारास.

विलायतेत त्यांची एक भाची आहे, तीही डॉक्टर, जनावरांचीच. दरवर्षी ती ग्रीसच्या एका बेटावर भटक्या मांजरींची नसबंदी करायला फुकट जाते. तिने सहा महिने कागद जमवले आणि मामाला सोबत नेलं. आमच्या गल्लीत हसून हसून पुरेवाट झाली. जन्मभर गोऱ्हे खच्ची केलेला माणूस विमानात बसून मांजरींच्या मागे! तिथे पहिल्याच सकाळी डॉक्टरांनी विचारलं, “मालक कोन हाय इचा?” भाची म्हणाली, “मामा, भटकी आहे, मालक नसतो.” डॉक्टरांनी चाकू खाली ठेवला. पुढे रांगेत वीस पिंजरे, आणि हे गृहस्थ रस्त्यावर जाऊन एका मासेवाल्या म्हातारीला बाहीला धरून घेऊन आले. “ठेवा माय हात,” म्हणाले, शुद्ध वऱ्हाडीत. म्हातारीने ठेवला. दुसऱ्या दिवसापासून गावातली रिकामी माणसं हात ठेवायला येऊन बसू लागली, आणि जाताना म्हातारी तीन मांजरी घरी घेऊन गेली. ही थाप आहे असं मी तोंडावर म्हटलं, तर भाचीने फोटो पाठवला.

आता तिथून पुन्हा बोलावणं आलं, तेही वर्षभरासाठी. डॉक्टर पोरासारखे खूश होते, पण हो म्हणत नव्हते. आडवी आली ठकी. ठकी म्हणजे सुमनची मांजर. परक्या देशातल्या दीडशे मांजरींची नसबंदी करून आलेल्या या माणसाच्या घरची मांजर माझ्या माळ्यावर तिसऱ्यांदा बाळंत झाली होती. मी भांडायला गेले. डॉक्टर खाली बघत म्हणाले, “मालकिनीचा हात कुठून आनू, बाई?” माझं भांडण तिथेच संपलं. तिला असंच टाकून जाणं त्यांना जमत नव्हतं, आणि नाही गेले तर ओसरी होतीच, उरलेल्या आयुष्याची.

पिल्लं मोठी होऊन घरोघरी गेली आणि एक दिवस मी म्हटलं, “मी ठेवते हात.” मला मांजरीची भीती वाटते, हे साऱ्या शाळेला ठाऊक होतं. मी हाताला फडकं गुंडाळून गेले. “काऊन बाई, खाते का ते तुमाले? उघडा हात पायजे,” डॉक्टर ओरडले. ठकीचं डोकं एवढंसं, माझ्या तळहाताखाली घुरघुरणारं. ती झोपेपर्यंत मी डोळे मिटून होते. सगळं उरकल्यावर डॉक्टर हात धूत म्हणाले, “आता ते तुमची झाली.” मग मला कळलं, की मी पुरती अडकले होते. आणि मला वाईट वाटलं नाही.

शेगावच्या स्टेशनवर न्यायला रिक्षा आली तेव्हा डॉक्टर नमस्काराला वाकले. मी मोठी, म्हणून डोक्यावर हात ठेवला. ते उठेचनात. म्हटलं, “डॉक्टर, उठा, गाडी चुकेल.”

“थांबा बाई,” तसेच वाकलेले ते म्हणाले. “जनावर शांत व्हाचं हाय अजून.”

मी हात काढला नाही. रिक्षावाल्याने दोनदा हॉर्न वाजवला आणि मग इंजिन बंद केलं.