पहिल्या वळणावरची वाट

मी चिडकी बाई आहे, आधीच सांगते. त्यामुळे लेकीच्या कोचने मला बाजूला घेऊन विचारलं, की हिला वाट सोडायला कोणी शिकवलं, तेव्हा माझं डोकंच फिरलं. कोणी म्हणजे? मीच शिकवलं.

अमेरिकेत आम्ही राहतो त्या ॲन आर्बरहून तासाभरावर एक टेकडी आहे. टेकडी कसली, उंचवटाच, आणि त्यावरचा निम्मा बर्फ मशीनचा. तिथल्या क्लबात माझी लेक लहानपणापासून स्कीच्या शर्यतींत उतरते. त्यात उतारावर एका वेळी एकटीनेच यायचं, सामना फक्त घड्याळाशी. तिथे ती पहिली-दुसरी यायची. या हिवाळ्यात क्लबने स्की क्रॉस सुरू केलं. चौघी एकदम सुटतात, उंचवट्यांवरून उड्या घेत, वळणांना घासत येतात आणि आधी खाली पोचेल ती जिंकते. लेकीला त्याचं वेडच लागलं. पहिल्या वळणापर्यंत ती सगळ्यांच्या पुढे असायची. मग मागून कोणी आलं, की अंग चोरून बाहेर सरकायची आणि शेवटची यायची.

कोचचं म्हणणं असं, की जी पुढे असते वाट तिची, मागचीने सांभाळून जायचं, हा नियमच आहे. ऐन वळणात बिचकणाऱ्या मुलीलाच जास्त लागतं. शनिवारच्या शर्यतीतही हिने वाट सोडली, तर हिला परत एकटीच्या शर्यतींत पाठवावं लागेल. कोचबाई बोलली ते खरं होतं, म्हणूनच मला जास्त झोंबलं.

आम्ही इथे व्हिसावर आलो. दुकानात, बसमध्ये, शाळेच्या दारात मी पोरीला एकच सांगत आले. कोणाला धक्का लागू द्यायचा नाही, आपली तक्रार कोणी करता कामा नये, चूक नसली तरी सॉरी म्हणून मोकळं व्हायचं. नवरा म्हणायचा, किती घाबरवशील तिला? त्याला काय जातंय बोलायला!

घरी येताना गाडीत मी तिला सगळं सांगितलं. खिडकीबाहेर बघत ती फक्त "आय नो" म्हणाली. मला भडभडून आलं. मी उगाच हीटर वाढवला.

शनिवारी वळणांवरचा बर्फ रेकने सारखा करायचं काम आम्हा पालकांकडे होतं. मी पहिलं वळण मागून घेतलं. तिची फेरी आली. सुरुवातीचं फाटक पडलं, चौघी सुटल्या, आणि लेक पुढे. एक उंच मुलगी तिच्या आतल्या बाजूने घुसायला बघत होती. आता सरकेल, मला वाटलं, आता सरकेल. ती सरकली नाही. स्कीवर स्की आपटली, उंच मुलगी घसरत कडेच्या जाळीत गेली आणि माझी लेक तशीच खाली निघून गेली.

ती मुलगी उठली, अंग झटकलं आणि हळूहळू खाली गेली. रेक तिथेच टाकून मीही उतरले. खाली तिची आई तिच्या हेल्मेटचा पट्टा सोडवत होती. लेक पहिली आली होती, पण ते माझ्या डोक्यातही नव्हतं. मी तडक त्या बाईकडे निघाले.

लेकीने माझी बाही धरली. एरवी माझ्याशी इंग्रजीतच बोलणारी पोर मराठीत म्हणाली, "आई, सॉरी म्हणू नकोस. ती लाइन माझी होती. तू सॉरी म्हणालीस, तर मी चुकले असं होईल."

मग बाही सोडून ती स्वतःच त्या मुलीकडे गेली आणि कुठे लागलं का ते विचारू लागली. त्या आईने वर पाहिलं. मी नुसती मान हलवली. या देशात आल्यापासून पहिल्यांदाच तो शब्द माझ्या तोंडातच राहिला.