कंपनीतली भाकर

आमच्याकडे कारखाना कोणी म्हणत नाही. कुठं जातेस, तर कंपनीत. अंबरनाथच्या आनंदनगरला साबणाच्या वड्या पॅक करायला जायचे तेव्हा मीही हेच सांगायचे. शब्दाचा अर्थ विचारायची कधी वेळच आली नाही.

तिथं कॅन्टीन होतं, पंखे होते, बाकडी होती. पण ती परमनंटवाल्यांची. आम्ही ठेकेदाराच्या बायका गेटामागच्या पत्र्याखाली गोल करून बसायचो. सगळ्यांचे डबे मधे उघडायचे, जिला जे हवं ते तिनं घ्यायचं. बदलापूरच्या पलीकडच्या पाड्यावरून एक पोरगी यायची, तांदळाची भाकर आणायची. ती पोटुशी होती. उन्हाळ्यात पत्रा एवढा तापायचा की ती दोन घास खाऊन भिंतीला टेकायची आणि डोळे मिटायची. एकदा सुपरवायझरला सांगितलं, हिला कॅन्टीनमध्ये बसू द्या, तर म्हणे, "रूल आहे मावशी, मी काय करू?"

त्या दिवशी घरी येऊन मी भांडी आदळत होते. कॉलेजात शिकणारी माझी लेक मोबाईलमधून मान वर करून म्हणाली, "आई, गंमत सांगू? कंपनी हा शब्द भाकरीवरून आलाय. लॅटिनमध्ये कॉम म्हणजे सोबत आणि पानिस म्हणजे पाव. एकत्र बसून पाव खाणारी माणसं, ती कंपनी."

मला कसली गंमत वाटतेय. माझं डोकंच फिरलं. नाव भाकरीचं लावायचं आणि भाकर खायला माणसाला उन्हात हाकलायचं, लाज कशी वाटत नाही यांना.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्या पोरीला हाताला धरून नेलं आणि कॅन्टीनमध्ये पंख्याखाली बसवलं. सुपरवायझर धावत आला. "मावशी, उठा. नाहीतर उद्यापासून येऊ नका."

"जाऊ द्या ना ताई," पोरगी अर्धी उठत म्हणाली. ते बघून मला आणखी चीड आली. तिला परत खाली बसवलं, भाकर मोडून तिच्या हातात दिली आणि त्याला म्हटलं, "हिचं जेवण होऊ दे. मग काढायचं तर मला काढ, हिला नाही."

परमनंटवाले आपापल्या ताटात बघत राहिले. ती मात्र पोटभर जेवली.

मला काढलं. तिला ठेवलं, पण पत्र्याखालीच.

आता अंबरनाथ पश्चिमेला एका गाळ्यात खोकी भरते. शेजारीण विचारते, "कुठल्या कंपनीत लागलीस गं?" मी सांगते, गाळ्यात जाते. कंपनी होती ती त्या पत्र्याखाली.